दहा रुपयांची बंदूक

खंडेनवमीच्या दिवशी जुन्या इंदुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी शस्त्रपूजेच्या प्रसादाला जाण्याचा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. पाटावर एक तलवार, एक कट्यार आणि शेजारी एक जुनी चकमकीची बंदूक मांडलेली असते. घराण्यातील कोणी पूर्वज होळकरांच्या पलटणीत होते, त्यांची ती, असे घरात सांगतात. तिचा चाप केव्हाच गळून पडला आहे, कुंद्याला भेग गेली आहे. तरीही तिच्या नळीला दरवर्षी तेलाचे बोट लागते आणि वर झेंडूचे फूल वाहिले जाते.

गेल्या खंडेनवमीला त्या घरातील नववीत शिकणाऱ्या नातवाने आम्हांला विचारले, "सर, अशी बंदूक आज करायची तर किती खर्च येईल? आणि ती हिच्याइतकी चांगली होईल का?" आमची विद्या मराठी साहित्याची, बंदुकीशी आमचा संबंध महाविद्यालयात एन.सी.सी.च्या कवायतीपुरता. सुमारे चार किलो वजनाची थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या घातल्या, एवढाच. प्रश्न मात्र मनातून जाईना. म्हणून थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहोत.

पहिले आश्चर्य असे की, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच इतिहासात मिळते. महादजी शिंद्यांच्या सेवेत १७८४ साली डी बॉयन हा सेनानी आला आणि त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्र्याला तोफा-बंदुकांचा कारखाना निघाला. तो सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडे सोपविला होता. त्याच्या देखरेखीखाली तेथे तयार होणारी बंदूक सुमारे दहा रुपयांना पडे आणि ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे, अशी नोंद आहे. म्हणजे नमुना परका, परंतु हात येथल्या लोहार-सुतारांचे.

दहा रुपयांत हे कसे साधले? लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, ठोकून सांधायची, मग आतून घासून सरळ करायची. अशी ती नळी. चकमकीच्या चापाच्या कमानीला पाणी देणे हे सर्वांत नाजूक काम. ही सारी कामे करणारे कारागीर या देशात पिढ्यान्‌पिढ्या होते. एकाच नमुन्याच्या हजारो बंदुका एका छपराखाली, एका नजरेखाली होऊ लागल्या, तेव्हा खर्च उतरला आणि दर्जा टिकला. स्वस्ताई आणि गुणवत्ता नेहमीच एकमेकींच्या वैरिणी असतात, असे नाही.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. कोलकात्याजवळ हुगळीकाठी ईशापूर येथे पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे रायफली होऊ लागल्या आणि थ्री-नॉट-थ्री तेथलीच झाली. हिचे शरीर घडीव पोलादाचे. आधी ठोकून आकार द्यायचा, मग यंत्रावर टप्प्याटप्प्याने कातून काढायचे. नळीत पाच डाव्या वळणाच्या खाचा. लाकूड पोलादाला असे बसवायचे की, ऊन-पावसाने नेम बिघडू नये. ईशापूरच्या रायफलींना पुढच्या लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू दिलेला आढळतो. लाकूड फाटू नये म्हणून केलेली ही साधी तजवीज या कारखान्याची खूणच होऊन बसली आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर याच कारखान्याने तिचे शरीर अधिक मजबूत पोलादाचे करून ती ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी सिद्ध केली. नकल करणारा कारखाना असे करू शकत नाही. ज्याला वस्तू आतून कळली आहे, तोच करू शकतो.

उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी थ्री-नॉट-थ्रीला संचलनात समारंभाने निरोप दिला. लष्करी मापाची ही रायफल सर्वसामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून शस्त्र बनविणे हाही गुन्हाच आहे. नागरिकांसाठी ईशापूरने त्याच घडणीची .३१५ ची शिकारी रायफल काढली. घरच्या घरी जुन्या नमुन्याची बंदूक करण्याचा प्रश्न आपल्याकडे उद्भवतच नाही.

अमेरिकेत मात्र तो उद्भवतो. तेथील एम-१ गॅरंड ही रायफल दुसऱ्या महायुद्धात लक्षावधींनी निघत होती, तेव्हा सरकारला सुमारे ८५ डॉलरला पडे. तिच्या पाठची एम-१४. स्प्रिंगफील्डचा सरकारी कारखाना १९६८ साली बंद झाला आणि पुढे खासगी कारखाने याच घराण्याच्या रायफली हौशी लोकांसाठी करू लागले. आज अशा रायफलीला दीड-दोन हजार डॉलर सहज पडतात. डॉलरची घटलेली किंमत जमेस धरली, तर हा फरक दिसतो तेवढा मोठा नाही. खरा वाद दुसराच आहे. सरकारी रायफलीचे शरीर घडीव असे. खासगी रायफलींचे पुष्कळदा ओतीव असते. ओतीव काम चोख केले तर चालते, परंतु घडीव ते घडीव, असे जाणकार म्हणतात. घडीव करायचे, तर साचे, यंत्रे आणि तपासनीस हे सारे थोड्याशा नगांसाठी पोसावे लागते. मग किंमत चढते, नाहीतर दर्जा उतरतो.

एवढे वाचून झाल्यावर आमचे मन पुन्हा माळव्याकडेच वळले. १७९३ साली लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांसमोर उभे ठाकले. आग्र्याच्या त्या उत्तम बंदुका होळकरांच्या दुद्रनेकने तयार केलेल्या पलटणींवर चालल्या आणि त्या पलटणी जवळजवळ नाहीशा झाल्या. मराठ्यांनी मराठ्यांना मारले. पुढे १८०३ साली इंग्रजांशी प्रसंग पडला, तेव्हा शिंद्यांचा सेनापती पेराँ ऐन वेळी इंग्रजांना जाऊन मिळाला आणि ऑक्टोबरात आग्र्याचा किल्लाही गेला. यशवंतराव होळकरांनी भानपुऱ्याला तोफा ओतण्याचे काम आरंभिले, स्वतः भट्टीपाशी राबले. १८११ साली तेथेच त्यांचा अंत झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या गोलंदाजांनी इंग्रजांचे सुमारे पावणेआठशे लोक घायाळ वा ठार केले. त्यांच्या तोफा निकृष्ट नव्हत्या. परंतु दरबारात फूट होती. लढाईच्या आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा वध झाला होता.

तात्पर्य, वस्तू चांगली होती आणि स्वस्तही होती. ती ज्यांच्यासाठी घडविली, त्यांची एकी मात्र घडीव नव्हती. ती ओतीव निघाली आणि पहिल्या मोठ्या घावाला तडकली.

त्या मुलाला आम्ही परवा हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, आमची बंदूक चांगली होती?"

"चांगली होती," आम्ही म्हणालो.

"मग हरलो ते बंदुकीमुळे नाही."

शाळेत तीस वर्षे इतिहासाच्या उत्तरपत्रिका आमच्या डोळ्यांखालून गेल्या आहेत. इतके थोडक्यात उत्तर क्वचितच वाचावयास मिळाले.