‘ओल्ड वाईन’ म्हणजे जुनी वेल

हुबळी-धारवाडच्या दुकानात झिनफँडेलच्या बाटलीवर ‘ओल्ड वाईन’ असे लिहिलेले दिसले, तर ती मुरलेली वाईन असल्याचा समज सहज होतो. मद्य आणि वेल यांसाठीचे इंग्रजी शब्द मराठी कानाला सारखेच वाटतात. प्रत्यक्षात तेथे वय वेलीचे सांगितलेले असते.

जुन्या वेलीला घड कमी धरतात. त्यामुळे रस सहसा अधिक गाढ उतरतो. कॅलिफोर्नियातील लोडी येथे शंभरी ओलांडलेल्या वेली आहेत. नाशिकला ‘सुला’च्या बागा १९९०च्या दशकात सुरू झाल्या.

वेलीच्या वयाचा कायदेशीर निकष मात्र अमेरिकेत नाही. म्हणून केवळ या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नयेत. स्वस्त झिनफँडेल साठवून न ठेवता, किंचित थंड करून मसालेदार मटणासोबत आस्वादावी.