पेशींचा शेजारधर्म

प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३० अब्ज पेशी नष्ट होतात आणि जवळपास तितक्याच नव्याने तयार होतात, असा हिशेब इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी २०२१ मध्ये मांडला. त्यांतील बहुसंख्य पेशी रक्तातील असतात आणि त्यांच्या खालोखाल क्रमांक लागतो तो पचनमार्गाच्या अस्तरातील पेशींचा. आतड्याचे अस्तर तर अवघ्या तीन ते पाच दिवसांत जवळजवळ पूर्णपणे नवे होते. इतकी मोठी उलाढाल चालू असूनही आतड्याची लांबी, त्वचेची जाडी किंवा यकृताचे आकारमान वर्षानुवर्षे जवळपास कायम राहते, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पेशी विभागताना प्रत्येक वेळी डीएनएची नवी प्रत काढली जाते, त्या नक्कलेत अधूनमधून चुका राहतात आणि त्यामुळे कोणत्याही ऊतीत, म्हणजे एका कामासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहात, काही दुबळ्या, काही बिघडलेल्या तर काही धोकादायक पेशी सतत निर्माण होत असतात. त्यांची निवड कोण करते आणि त्यांना वेळीच बाजूला कसे काढले जाते, हा आजच्या पेशीविज्ञानातील एक कळीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ पेशीच्या आत शोधले गेले. पेशीत डीएनए दुरुस्त करणारी विकरे असतात, बिघाड हाताबाहेर गेला तर विभाजन थांबवणारे पी५३ नावाचे प्रथिन असते आणि अखेरचा उपाय म्हणून पेशीला स्वतःचा शेवट शिस्तीने घडवून आणता येतो. या नियोजित पेशीमृत्यूला जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी यांनी १९७२ मध्ये ‘ॲपॉप्टॉसिस’ असे नाव दिले. ही यंत्रणा खरी आहे आणि महत्त्वाचीही आहे; मात्र तिच्यातून उभे राहणारे चित्र प्रत्येक पेशी स्वतःच स्वतःची तपासणी करते एवढ्यावर थांबते. गेल्या काही दशकांतील, आणि विशेषतः गेल्या वीस वर्षांतील, संशोधनाने या चित्रात एक मोठी भर घातली आहे. पेशीने टिकावे की जावे, याचा निर्णय बहुतेकदा तिच्या शेजारच्या पेशींशी होणाऱ्या तुलनेतून लागतो, असे त्या संशोधनातून दिसते. या प्रक्रियेला ‘पेशीस्पर्धा’ असे म्हणतात.

तिचा पहिला पुरावा १९७५ मध्ये माद्रिद येथे जिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल यांना फळमाशीच्या अळीत मिळाला. अळीच्या शरीरात पेशींच्या काही चपट्या पिशव्या असतात आणि त्यांतूनच पुढे माशीचे पंख, पाय व डोळे घडतात. रायबोसोम हे पेशीतील प्रथिने बनवण्याचे यंत्र असून त्याच्या घटकांची जनुके बिघडली की ‘मायन्यूट’ नावाची उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतील कायमचे बदल, निर्माण होतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असेल तर माशी जगते. तिची वाढ सावकाश होते आणि अंगावरील राठ केस आखूड व बारीक राहतात, परंतु तिचे सर्व अवयव नीट तयार होतात. मोराता आणि रिपोल यांनी निरोगी पेशींच्या मधोमध अशा मायन्यूट पेशींचे लहान पुंजके वाढू दिले, तेव्हा ज्या पेशी एकट्याने संपूर्ण माशी घडवू शकत होत्या त्याच पेशी निरोगी शेजाऱ्यांच्या सहवासात हळूहळू नाहीशा झाल्या.

या निरीक्षणाचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. मायन्यूट पेशी स्वतःहून मरणाऱ्या नव्हत्या, कारण सगळ्याच पेशी सारख्याच दुबळ्या असतील तर त्यांचे काम अडत नव्हते. शेजारी अधिक सक्षम पेशी आल्या तरच त्यांचा ‘पराभव’ होत होता. जिंकणाऱ्या पेशी रिकामी झालेली जागा भरून काढत, तरीही पंखाचा आकार नेहमीएवढाच राहत असे आणि पंखाच्या एका विभागातील ही चढाओढ दुसऱ्या विभागाची सीमा ओलांडत नसे. म्हणजे अवयवाचे आकारमान आधीच्या मर्यादेत ठेवून त्यातील पेशींचा दर्जा सुधारण्याची सोय ऊतीतच असते, हे या प्रयोगातून सूचित झाले. तथापि हा शोध बरीच वर्षे फळमाशीच्या अभ्यासकांपुरताच राहिला.

त्याकडे साऱ्यांचे लक्ष वेधले गेले ते २००४ मध्ये. पेशीच्या वाढीला चालना देणारे ‘मिक’ हे जनुक अनेक मानवी कर्करोगांत गरजेपेक्षा जास्त सक्रिय असते. न्यूयॉर्कमध्ये लॉरा जॉन्स्टन यांच्या आणि झुरिकमध्ये एदुआर्दो मोरेनो व कॉनराड बास्लर यांच्या प्रयोगांतून त्या वर्षी असे दिसले की, फळमाशीच्या ज्या पेशींत हे जनुक थोडे अधिक काम करते त्या पेशी आसपासच्या पूर्णपणे निरोगी पेशींनाही मृत्यूकडे ढकलतात आणि त्यांची जागा घेतात. या वेळी हरणाऱ्या पेशींत कोणताही दोष नव्हता. शेजारीण अधिक जोमदार होती एवढेच त्यांचे न्यून. ऊतीचे रक्षण करणारी हीच यंत्रणा कर्करोगाच्या वाटेवरील पेशीलाही वापरता येते, ही शक्यता त्यामुळे प्रथमच ठळकपणे पुढे आली.

शेजारची पेशी दुबळी आहे हे ओळखले कसे जाते, याची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी मिळत आहेत. फळमाशीच्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘फ्लॉवर’ नावाच्या प्रथिनाची निरनिराळी रूपे असतात आणि हरणाऱ्या पेशींवर त्यांतील ठरावीक रूपे उमटतात, हे मोरेनो यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. मायन्यूट पेशींपुरते बोलायचे तर त्यांच्या रायबोसोमांचे घटक प्रमाणशीर बनत नाहीत, अर्धवट किंवा चुकीच्या घडीची प्रथिने आत साठत जातात आणि तो ताण पेशीला पराभूत ठरवतो, असे युजेनिया पिद्दिनी आणि ज्याँ-पॉल व्हिन्सेंट यांच्या गटांनी २०२१ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले. या छाननीचा प्राण्याच्या आयुष्याशी असलेला संबंधही तपासला गेला आहे. पराभूत पेशी काढून टाकण्यासाठी लागणारे ‘अझोट’ नावाचे जनुक मोरेनो यांच्या गटाने शोधले होते. २०१५ मध्ये त्यांनी फळमाश्यांना या जनुकाची एक जादा प्रत दिली, तेव्हा त्यांच्या ऊती अधिक काळ सुस्थितीत राहिल्या आणि त्या माश्या अधिक जगल्या.

सस्तन प्राण्यांत ही छाननी गर्भावस्थेच्या अगदी आरंभापासून सुरू होते. उंदराच्या गर्भात शरीराचे मूलभूत थर तयार होण्याच्या जरा आधी, ज्या पेशींपासून सगळे शरीर घडायचे असते त्यांतील सुमारे ३५ टक्के पेशी काढून टाकल्या जातात, असे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील त्रिस्तान रॉड्रिग्ज यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये दोष असलेल्या पेशीही याच मार्गाने वगळल्या जातात, असे त्याच गटाच्या २०२१ मधील अभ्यासात आढळले. पुढच्या प्रत्येक अवयवात ज्यांचा वंश चालणार आहे अशा पेशींची निवड इतक्या लवकर आणि इतक्या कठोरपणे होते, यावरून प्राण्याच्या जडणघडणीत या प्रक्रियेला किती खोल स्थान आहे याची कल्पना येते.

पेशीला बाहेर काढण्याची क्रिया प्रत्यक्षात कशी घडते, हे अभिस्तर ऊतीत सर्वांत स्पष्ट दिसते. त्वचा, आतडे, श्वासनलिका आणि ग्रंथी यांच्या पृष्ठभागावर एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा जो अखंड थर असतो, त्याला अभिस्तर म्हणतात. या थराला क्षणभरही भोक पडून चालत नाही, कारण त्यातून जंतू आत शिरू शकतात आणि द्रव बाहेर झिरपू शकतो. म्हणूनच एखादी पेशी जाणार असे ठरले की ती प्रथम एका स्निग्ध रेणूच्या रूपाने शेजाऱ्यांना इशारा पाठवते. त्या इशाऱ्यानंतर तिच्याभोवतीच्या सर्व पेशींत ॲक्टिन आणि मायोसिन या, स्नायूंच्या आकुंचनातही काम करणाऱ्या, प्रथिनांचे सलग कडे तयार होते. ते कडे तळाकडून आवळत जाते, मधली पेशी वर उचलली जाऊन पोकळीत ढकलली जाते आणि त्याच वेळी शेजारच्या पेशी तिच्या खाली एकमेकींना येऊन भिडतात. पेशी सुटून बाहेर पडते तेव्हा तिच्या जागी फट उरलेलीच नसते.

जोडी रोझेनब्लाट यांनी या क्रियेचा पाठपुरावा सातत्याने केला आहे. युटा विद्यापीठात असताना त्यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की, थरात गर्दी वाढली म्हणजे जिवंत पेशीही बाहेर ढकलल्या जातात आणि त्यांचा मृत्यू त्यानंतर होतो. २०१७ मध्ये याची दुसरी बाजूही पुढे आली, ती अशी की थर ताणला गेला तर विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबलेल्या पेशी लगोलग विभागतात. दाटी झाल्यास संख्या कमी करायची आणि जागा मोकळी झाल्यास वाढवायची, हे दोन्ही निर्णय ‘पिएझो-१’ नावाच्या, दाब आणि ताण जाणणाऱ्या प्रथिनाद्वारे होतात. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातील एक सूक्ष्म द्वार असून यांत्रिक बल पडताच ते उघडते आणि धन विद्युतभारित कणांना आत येऊ देते. अवयवाचे आकारमान कायम कसे राहते, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्यामुळे हाती आला.

हीच यंत्रणा अति काम करू लागली तर काय होते, याचे एक उदाहरण दम्याच्या विकारात सापडले. दम्याचा झटका येतो तेव्हा श्वासनलिकेभोवतीचा स्नायू आवळला जातो आणि आतील अस्तरातील पेशी एकमेकींवर दाबल्या जातात. या कोंडीमुळे पेशी मोठ्या संख्येने बाहेर फेकल्या जातात, अस्तर विस्कटते आणि त्यातूनच पुढची सूज व श्लेष्मा उद्भवतो, असे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील रोझेनब्लाट यांच्या गटाने २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. श्वासमार्ग रुंद करणाऱ्या नेहमीच्या औषधाने उंदरांत स्नायू सैल होत असे, पण अस्तराची ही हानी टळत नसे. ताण जाणणारी द्वारे अडवणाऱ्या द्रव्याने मात्र ती टळली. झटक्यानंतरची दुखापत टाळण्याच्या दिशेने औषधांचा विचार व्हावा, अशी नवी दिशा या प्रयोगाने दिली आहे.

कर्करोगाच्या अगदी पहिल्या पायरीवरही हे बहिःक्षेपण उपयोगी पडते. ‘रास’ हे कर्करोगकारक जनुक सक्रिय झालेली एखादीच पेशी निरोगी पेशींनी वेढलेली असेल तर तिला थराबाहेर ढकलले जाते, आणि तशाच पेशी सर्वत्र असतील तर ती जागची हलत नाही, असे यासुयुकी फुजिता यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. पुढे २०१८ मध्ये त्याच गटाला असे आढळले की, चरबीयुक्त आहारावर लठ्ठ झालेल्या उंदरांच्या आतड्यात आणि स्वादुपिंडात ही बाहेर ढकलण्याची क्षमता मंदावते. याच प्रश्नावर हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तमाल दास यांच्या गटाने केलेले काम भारतीय वाचकांना विशेष जवळचे वाटेल. पेशींखालचा आधार मऊ असेल तर त्या रास-सक्रिय पेशीला बाहेर काढतात, आधार ताठर झाला की ही संरक्षणशक्ती क्षीण होते आणि त्यामागे ‘फिलॅमिन’ या प्रथिनाची बदललेली जागा असते, असे त्यांनी २०२२ मध्ये दाखवले. सुपारी आणि गुटखा चघळण्याने गालाच्या अस्तराखालील ऊती हळूहळू कठीण होऊन तोंड उघडेनासे होण्याचा कर्करोगपूर्व विकार ज्या देशात सर्रास आढळतो, तेथे ऊतीचा ताठरपणा आणि पेशींची संरक्षणशक्ती यांच्या नात्याचा शोध घेणे अत्यंत निकडीचे आहे.

माणसाच्या निरोगी ऊतींमध्ये डोकावून पाहिल्यावर मात्र या विषयाला अनपेक्षित वळण मिळाले. केंब्रिजजवळील सँगर संस्थेतील इन्यिगो मार्तिन्कोरेना, फिल जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये पापणीच्या निरोगी त्वचेचा आणि २०१८ मध्ये निरोगी अन्ननलिकेच्या अस्तराचा जनुकीय नकाशा तयार केला. मध्यमवयीन आणि वृद्ध दात्यांच्या अन्ननलिकेत कर्करोगाशी संबंधित उत्परिवर्तने असलेल्या पेशींनी अस्तराचा मोठा भाग व्यापलेला होता. एकट्या ‘नॉच-१’ या जनुकातील उत्परिवर्तने दात्यागणिक १२ ते ८० टक्के पेशींत सापडली, आणि तरीही ते अस्तर दिसायला व कामाला निरोगीच होते. त्याहून चकित करणारी बाब अशी की, अन्ननलिकेच्या कर्करोगात नॉच-१ ची उत्परिवर्तने निरोगी अस्तरापेक्षा कितीतरी कमी आढळतात.

या विसंगतीचा उलगडा उंदरांवरील प्रयोगांतून होऊ लागला. कर्करोगजनक रसायन दिलेल्या उंदरांच्या अन्ननलिकेत अनेक अतिसूक्ष्म गाठी उद्भवतात, पण त्यांतील बहुतेक पुढे नाहीशा होतात. आसपासच्या अस्तरातील अधिक जोमदार उत्परिवर्तित पेशी पसरत येतात आणि त्या गाठींना जागेवरून हुसकावून लावतात, असे जोन्स यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. नॉच-१ बिघडल्याने निरोगी अस्तरात पेशींचा विस्तार होतो, मात्र गाठीची वाढ खुंटते, असे २०२३ मधील अभ्यासाने स्पष्ट केले. एखाद्या उत्परिवर्तनाला ‘कर्करोगाचे’ असे सरसकट नाव देणे किती अपुरे आहे, हे यावरून कळते, कारण त्याचा परिणाम शेवटी त्या पेशीच्या आजूबाजूला कोण आहे यावर अवलंबून असतो.

या साऱ्या संशोधनातून आरोग्याविषयीची एक महत्त्वाची धारणा बदलत आहे. निरोगी ऊती म्हणजे निर्दोष पेशींचा संच, असे मानण्याची सवय जुनी आहे. वास्तविक वयाबरोबर प्रत्येक ऊतीत दोष साठतच असतात आणि तिचे आरोग्य टिकते ते सक्षम पेशींनी दुबळ्या व उपद्रवी पेशींवर राखलेल्या वर्चस्वामुळे. ही छाननी लठ्ठपणाने मंदावते, ऊती कठीण झाल्याने अडखळते, अति झाली तर स्वतःच इजा करते आणि काही वेळा उपद्रवी पेशीच तिचा फायदा उठवतात. म्हणून कर्करोगप्रतिबंधाच्या विचारात बिघडलेल्या पेशीला मारण्याच्या उपायांबरोबर तिच्या निरोगी शेजाऱ्यांना बळ देण्याचे उपायही शोधले गेले पाहिजेत. त्या दृष्टीने तंबाखू व सुपारीपासून दूर राहणे आणि वजन आटोक्यात ठेवणे या जुन्याच सल्ल्यांना पेशीविज्ञानाने एक नवे कारण जोडले आहे: शरीरात रोज होणारी बिघडलेल्या पेशींची हकालपट्टी ज्या निरोगी पेशींच्या बळावर चालते, त्यांची ताकद टिकवणे बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आहे.