कार्ब्युरेटर जुळले, पण ऑइल पंपाचे काय?

जुन्या दुचाकींच्या शौकिनांना ‘राजदूत ३५०’चे आकर्षण आजही आहे. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ मध्ये आणलेल्या या टू-स्ट्रोक मोटारसायकलला दोन सिलिंडर असून, प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. दोहोंत मेळ नसल्यास एकाच सिलिंडरवर अधिक भार पडतो आणि इंजिन थरथरते.

हा मेळ साधण्यापूर्वी प्लग व इग्निशन टायमिंग तपासावे, जेट स्वच्छ करावेत. केबल किंचित सैल ठेवून, गरम इंजिनावर आयडलिंगचे दोन्ही स्क्रू असे बसवावेत, की सायलेन्सरमागे धरलेल्या तळहाताला दोन्हीकडचे झोत सारखेच लागतील. नंतर इंजिन बंद करून, एअर फिल्टर काढून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पिळावा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. एखादी मागे राहिल्यास तिच्या केबलचा ढिलेपणा अ‍ॅडजस्टरने काढावा.

अनेकजण येथेच थांबतात. मात्र, ऑइल पंपाची केबलही याच अ‍ॅक्सिलरेटरवर चालते. त्यामुळे पंपावरील खूणही पुन्हा जुळवणे आवश्यक ठरते. अन्यथा तेल कमी पडून पिस्टन जाम होण्याचा धोका संभवतो. पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळणाऱ्यांना मात्र या पायरीची गरज नाही.