सार्वजनिक स्वच्छतागृहे : बांधकाम आणि सेवा यांतील अंतर

नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात सार्वजनिक स्वच्छतागृहांचा उल्लेख साधारणतः दोन ठिकाणी आढळतो. भांडवली खर्चाच्या बाजूस नव्या बांधकामाची तरतूद ठळकपणे नोंदलेली असते. महसुली खर्चाच्या बाजूस मात्र ‘देखभाल व दुरुस्ती’ या व्यापक शीर्षाखाली रस्ते, गटारे, इमारती यांच्यासह स्वच्छतागृहेही एकत्र मोजली जातात आणि त्यांच्या वाट्याला नेमके किती आले याचा बोध होत नाही. उद्घाटनानंतर दोन-तीन वर्षांत दारे मोडलेली, नळ कोरडे आणि कुलूप लावलेले स्वच्छतागृह दिसते, त्याचे मूळ बहुधा या दुसऱ्या नोंदीत असते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ८१.४ टक्के नागरी कुटुंबांकडे घराच्या आवारात शौचालय होते. ६ टक्के कुटुंबे सार्वजनिक शौचालयावर अवलंबून होती, तर १२.६ टक्के कुटुंबे उघड्यावर जात होती. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर हे चित्र बरेच पालटले. अभियानाच्या पहिल्या नागरी टप्प्यात सहा लाखांहून अधिक सामुदायिक व सार्वजनिक शौचकूप उभे राहिले. यामुळे प्रश्न सुटला असे नव्हे. त्याचे स्वरूप बदलले. बांधण्याचा प्रश्न आता चालविण्याचा झाला आहे.

अभ्यासकाने येथे एक फरक ध्यानात ठेवावा. सामुदायिक शौचालय हे ज्या वस्तीत घरोघरी शौचालयास जागा नाही, तेथील ठरावीक कुटुंबांसाठी असते. त्याचे वापरकर्ते रोजचे व परस्परांना ओळखणारे असतात. सार्वजनिक स्वच्छतागृह बाजार, बसस्थानक, रुग्णालय, न्यायालय अशा ठिकाणी ये-जा करणाऱ्यांसाठी असते. तेथे आज आलेली व्यक्ती उद्या येईलच असे नाही. या फरकावर दर, जागा आणि व्यवस्थापन या तिन्हींचे निर्णय अवलंबून असतात. दोहोंसाठी एकच नमुना वापरणे ही नियोजनातील नेहमीची चूक आहे.

घटनात्मक चौकट

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३ त ते २४३ य-छ या भागातील तरतुदींना जोडून बारावे परिशिष्ट येते. त्यातील अठरा विषयांपैकी सहावा विषय सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनाचा आहे. सतराव्या विषयात रस्त्यांवरील दिवे, वाहनतळ आणि बसथांबे यांच्यासोबत सार्वजनिक सुविधागृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यांच्या कायद्यांत ही जबाबदारी त्याहून जुनी आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे, सुस्थितीत राखणे आणि स्वच्छ करणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले. बांधणे व राखणे या दोन्ही क्रिया कायद्याने एकत्र ठेवल्या होत्या. अर्थसंकल्पी व्यवहाराने त्या वेगळ्या केल्या.

शुल्क कोणी द्यावे?

अर्थशास्त्रीय परिभाषेत स्वच्छतागृह ही शुद्ध सार्वजनिक वस्तू नाही. पैसे न देणाऱ्यास दारात अडविता येते आणि एकाच्या वापराच्या वेळी दुसऱ्यास थांबावे लागते. परंतु त्याच्या वापराचा लाभ वापरणाऱ्यापुरता मर्यादित राहात नाही. एका व्यक्तीने उघड्यावर न जाण्याने पाण्याच्या स्रोताचे व शेजारच्या मुलांचे संरक्षण होते. हा अनुकूल बाह्य परिणाम होय. ज्या सेवेचा बाह्य परिणाम मोठा असतो तिचा पूर्ण खर्च वापरकर्त्याकडून घेतल्यास तिचा वापर समाजास हव्या त्या पातळीपेक्षा कमी होतो. पाच जणांच्या कुटुंबास प्रत्येक खेपेस शुल्क पडू लागले की प्रथम मुलांना उघड्यावर पाठविले जाते.

याच्या उलट, सारे विनामूल्य ठेवून देखभालीची तरतूद न केल्यास काही महिन्यांतच सेवा नाहीशी होते आणि विनामूल्य मिळण्यासारखे काही उरत नाही. बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने १९७४ मध्ये पाटण्यात ‘पैसे द्या व वापरा’ तत्त्वावर स्वच्छतागृह चालवून दाखविले. स्वच्छ व सुरक्षित जागेसाठी सामान्य नागरिक अल्प शुल्क देण्यास तयार असतो, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे या तत्त्वाचा विस्तार देशभर झाला. त्यातील एक विषमता मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. मुतारीचा वापर पुरुषांना विनामूल्य आणि त्याच कारणासाठी स्त्रियांकडून पैसे, असा व्यवहार अनेक शहरांत रूढ झाला. मुंबईत २०११ च्या सुमारास महिला संघटनांनी याविरुद्ध मोहीम उभी केली, तेव्हा कोठे या प्रश्नाची सार्वजनिक चर्चा सुरू झाली.

सामुदायिक शौचालयासाठी खेपेऐवजी कुटुंबाचा मासिक पास हा मार्ग अधिक न्याय्य ठरतो. त्यात पुढच्या खेपेचा खर्च शून्य राहतो, त्यामुळे मुले व वृद्ध यांचा वापर घटत नाही. चालविणाऱ्या संस्थेसही निश्चित उत्पन्न मिळते.

किती आणि कोठे

स्वच्छ भारत अभियानाच्या मानकांनुसार सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक शौचकूप असावा. सार्वजनिक जागी ४०० पुरुषांपर्यंत एक शौचकूप, स्त्रियांसाठी २०० पर्यंत दोन व त्यापुढे प्रत्येक शंभरामागे एक, तसेच ५० पुरुषांमागे एक मुतारी असे प्रमाण आहे. वरकरणी यात स्त्रियांना झुकते माप दिसते. गणित मांडले की वेगळेच चित्र समोर येते.

आठवडी बाजारात ४०० पुरुष व ४०० स्त्रिया येतात असे समजू. मानकानुसार पुरुषांना एक शौचकूप व आठ मुताऱ्या, म्हणजे नऊ जागा मिळतील, स्त्रियांना चार. स्त्रीस सरासरी तीन मिनिटे आणि मुतारी वापरणाऱ्या पुरुषास दीड मिनिट लागते असे धरल्यास, तासाभरात आठ मुताऱ्यांवर ३२० पुरुषांची सोय होते, तर चार शौचकूपांत ८० स्त्रियांची. सोबत लहान मूल असेल, मासिक पाळी असेल किंवा सामान ठेवण्यास जागा नसेल, तर वेळ आणखी वाढतो. इमारतीचे क्षेत्रफळ स्त्री-पुरुषांत निम्मे-निम्मे वाटल्याने समता साधत नाही; रांगेत लागणारा वेळ समान होणे ही समतेची खरी कसोटी आहे. या विषमतेची किंमत आकडेवारीत दिसत नाही. बाजारात दिवसभर बसणाऱ्या भाजीविक्रेत्या स्त्रिया पाणी कमी पितात आणि मूत्रमार्गाच्या विकारांना बळी पडतात. तो खर्च त्यांच्या घरच्या हिशेबात जमा होतो, नगरपरिषदेच्या नव्हे.

जागा निवडताना मोकळा शासकीय भूखंड कोठे आहे हे पाहिले जाते, गर्दी कोठे आहे हे कमी वेळा. हागणदारीमुक्ततेच्या निकषांत व्यापारी भागात एक किलोमीटरच्या आत सार्वजनिक आणि वस्तीपासून ५०० मीटरच्या आत सामुदायिक शौचालय अपेक्षित आहे. परंतु ५०० मीटरची वाट अंधारी असेल तर रात्री आठनंतर ते शौचालय स्त्रियांसाठी अस्तित्वातच नसते. म्हणून नियोजनाचा आरंभ नकाशावरून न करता दिवसाच्या तीन-चार वेळा प्रत्यक्ष मोजणी करून व्हावा : पहाटे किती जण येतात, शाळा सुटताना किती, रात्री किती. अशा मोजणीस फारसा खर्च येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने उतरता मार्ग व रुंद दार आवश्यक ठरविले आहे. मात्र उताराच्या पायथ्याशी उघडे गटार असेल तर ती पूर्तता केवळ कागदावर राहते.

चालविण्याचे अर्थकारण

उदाहरणादाखल दहा शौचकूपांच्या एका स्वच्छतागृहाच्या बांधकामास १५ लाख रुपये लागले असे मानू. दोन पाळ्यांत मिळून दोन काळजीवाहक व दोन सफाई कामगार, प्रत्येकी १५ हजार रुपये वेतन. वीज, पाणी, जंतुनाशके व किरकोळ दुरुस्ती यांसाठी आणखी १५ हजार. मासिक खर्च ७५ हजार, वार्षिक ९ लाख. पाच वर्षांत ४५ लाख रुपये, म्हणजे बांधकामाच्या तिप्पट. ज्या ठरावात फक्त १५ लाखांची मंजुरी आहे, त्यात खर्चाचा एक-चतुर्थांश भागच सभागृहासमोर आलेला असतो.

आता उत्पन्नाकडे पाहू. प्रत्येकी पाच रुपये शुल्क मानल्यास बसस्थानकावर रोज ८०० वापरकर्त्यांपासून महिना १ लाख २० हजार रुपये मिळतील आणि ४५ हजार शिल्लक राहील. भाजीबाजारात रोज ४०० वापरकर्ते असतील तर १५ हजारांची तूट, आणि आडरस्त्यावर ३०० असतील तर ३० हजारांची तूट. खर्च सोयीसाठी सर्वत्र सारखा धरला आहे. तिन्ही मिळून हिशेब बरोबर जुळतो. परंतु प्रत्यक्षात बसस्थानकाचे स्वच्छतागृह स्वतंत्र निविदेने ठेकेदारास दिले जाते, कारण त्यास मागणी असते. तुटीची दोन नगरपरिषदेकडे राहतात व बंद पडतात. नफ्याच्या व तुटीच्या जागा एकाच गटात घालून दीर्घ मुदतीचा करार केल्यास आंतर-अनुदान आपोआप साधते. स्त्रियांना व मुलांना मुतारीचा वापर विनामूल्य ठेवल्यास येणारी तूट करारातच दाखवून नगरपरिषदेने भरून द्यावी. ती लपविली की ठेकेदार ती स्वच्छतेतून वसूल करतो.

१९९९ मध्ये पुणे महानगरपालिकेने बांधकाम व देखभाल यांची एकत्रित निविदा काढून स्वयंसेवी संस्थांना आवाहन केले, ते या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होते. ‘स्पार्क’, महिला मिलन आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांनी केलेल्या बांधकामांत काळजीवाहकाच्या कुटुंबासाठी खोली आणि मुलांसाठी वेगळी शौचालये होती. कुटुंबाचा मासिक पास २० रुपयांचा होता. काळजीवाहक तेथेच राहात असल्याने नळ तुटल्याची तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न उरला नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मुंबई मलनिस्सारण प्रकल्पांतर्गत झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात ३२८ स्वच्छतागृहे व ५,१०० हून अधिक शौचकूप बांधले गेले. तेथे क्रम उलटा ठेवला होता : प्रथम रहिवाशांची संस्था स्थापन व्हावी, सभासदांनी आपला वाटा जमा करावा, त्यानंतर बांधकाम व्हावे. काही ठिकाणी कालांतराने कारभार मोजक्या व्यक्तींच्या हाती गेला, हेही खरे. सामुदायिक व्यवस्थापनासही हिशेबतपासणी लागतेच. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे वस्तीतील महिलांचे गट ‘ग्रामालय’ संस्थेच्या साहाय्याने सामुदायिक शौचालये चालवितात. प्रवेशद्वारी बसून शुल्क गोळा करणे, सफाई कामगाराचे वेतन व विजेचे देयक भागविणे आणि उरलेली रक्कम वस्तीच्या कामी लावणे, हा सारा व्यवहार त्याच पाहतात.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी दशलक्षी नागरी समूहांबाहेरील शहरांच्या अनुदानातील ३० टक्के हिस्सा स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनाशी बांधला होता. अनुदानास मुदत असते, सफाई कामगाराच्या वेतनास नसते. त्यामुळे स्थानिक करांतील नियमित वाटा निश्चित केल्यावाचून पर्याय नाही.

मैला जातो कोठे

लहान शहरांत बहुतेक सार्वजनिक स्वच्छतागृहे मलवाहिनीस जोडलेली नसतात. मैला सेप्टिक टाकीत साठतो. घरगुती टाकीच्या हिशेबाने बांधलेली टाकी रोजच्या शेकडो वापरांनी लवकर भरते आणि तिचे पाणी शोषखड्ड्याऐवजी गटारात जाते. हागणदारीमुक्त ‘प्लस’ या दर्जासाठी स्वच्छतागृहे चालू व सुस्थितीत असणे लागते. ‘प्लस प्लस’ दर्जासाठी मैल्यावर सुरक्षित प्रक्रियाही आवश्यक असते. महाराष्ट्रातील वाई व सिन्नर या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता ठरावीक क्रमाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या टाक्यांना अशा वेळापत्रकात घरगुती टाक्यांपेक्षा कमी अंतराची पाळी द्यावी लागते.

वेळापत्रक नसले की टाकी तुंबल्यावर घाईने माणूस उतरविला जातो. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. स्वच्छतागृहाचा आराखडा मंजूर करताना उपसा करणारे वाहन टाकीपर्यंत पोहोचेल इतका रस्ता आहे का आणि टाकीचे झाकण इमारतीच्या बाहेरून उघडते का, या दोन बाबी तांत्रिक मंजुरीतच तपासता येतात.