एकट्याची होडी : लांब की आखूड?

पिंपळे गुरवहून दापोडीकडे जाताना पवनेवरचा पूल लागतो. पावसाळा सोडला तर खालचे पाणी इतके संथ असते की, ते वाहते आहे हे मुद्दाम सांगावे लागते. अशा गावातल्या मुलांना खळाळत्या पाण्यात होडी चालवण्याचे वेड कोठून लागावे? पण लागते. कोलाडच्या सहलीला गेलेले अकरावीचे दोन विद्यार्थी परत आले, ते एक प्रश्न घेऊनच. तेथे रबरी तराफ्यात सात-आठ जणांबरोबर बसून ते कुंडलिका नदीतून आले होते. आता त्यांना एकट्याने वल्हवायची कनू हवी होती. कोणा ओळखीच्या माणसाकडे एक जुनी, फायबरग्लासची, ४.८ मीटर लांबीची कनू स्वस्तात मिळत होती. "सर, घेऊ का?" हा त्यांचा प्रश्न.

मी त्यांना म्हटले, "आधी ती कोणत्या पाण्यासाठी बनवली आहे ते पाहू." या लेखात आपण तेच पाहणार आहोत. वरवर हा खरेदीचा प्रश्न दिसतो. पण त्याचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि ते चुकले तर गाठ जिवाशी आहे.

कनू म्हणजे काय?

कनू ही दोन्ही टोकांना निमुळती, हलकी होडी. वल्हवणारा पुढे तोंड करून गुडघ्यांवर बसतो आणि त्याच्या हातातल्या वल्ह्याला एकाच टोकाला पाते असते. कयाकमध्ये माणूस पाय पुढे पसरून बसतो आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. उत्तर अमेरिकेतील आदिवासी बर्च झाडाच्या सालीपासून कनू बनवत. आपल्या कोकणातल्या लहान होडीला कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधतात. खडकांमधून वाट काढणाऱ्या कनूला उलांडी लावता येत नाही. तिचा सगळा तोल तिच्या आकारावर आणि वल्हवणाऱ्याच्या शरीरावर अवलंबून असतो.

दोन पाणी, दोन होड्या

दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचे रोइंग केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ तेथेच तयार झाला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेच्या शर्यतीत उतरला. ही नौका सुमारे ८ मीटर लांब आणि जेमतेम फूटभर रुंद असते. याउलट, खळाळत्या पाण्यातल्या ऑलिंपिक स्लालम शर्यतीतील एकट्याच्या कनूची किमान लांबी ३.५ मीटर आणि रुंदी ६० सेंटिमीटर ठरवलेली आहे. लांबीचा हा नियम पूर्वी ४ मीटरचा होता. एकाच माणसाच्या दोन होड्या, पण एक दुसरीच्या दुपटीहून लांब! असे का?

कारण एकीला सरळ जायचे आहे आणि दुसरीला वळायचे आहे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एक वाढवली की दुसरी कमी होते. कनू निवडणे म्हणजे या दोहोंमध्ये आपल्या पाण्याला योग्य असा बिंदू शोधणे.

लांबीमुळे वेग मिळतो

होडी चालू लागली की तिच्या नाळेशी एक लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की नाळ वर उचलली जाते, मागचा भाग खाली बसतो आणि होडीला जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. पुढे कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. हा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे : होडीच्या पाण्यातील लांबीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि त्याला १.२५ ने गुणा. उत्तर मीटर प्रतिसेकंदात येते. ४.८ मीटरच्या कनूसाठी ते सुमारे २.७ येते आणि ३ मीटरच्या कनूसाठी सुमारे २.२. (शर्यतीची नौका इतकी अरुंद असते की तिची लाट फार लहान उठते, म्हणून ती ही मर्यादा ओलांडू शकते.)

वेग कशाला हवा? समजा, नदी २० मीटर रुंद आहे आणि प्रवाह सेकंदाला १.५ मीटर आहे. तुम्हाला वाहून न जाता समोरच्या काठावर पोचायचे आहे. तुमची होडी सेकंदाला २ मीटर जात असेल, तर नाळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपी धरून तुम्ही प्रवाह पूर्ण खोडून काढू शकता. काटकोन त्रिकोण काढून पाहा. पलीकडे जाण्यासाठी सेकंदाला सुमारे १.३ मीटर वेग उरतो आणि १५ सेकंदांत तुम्ही पलीकडे पोचता. पण होडीचा वेग १.२ मीटरच असेल, तर नाळ कोणत्याही कोनात धरा, तुम्ही खाली वाहत जाणारच. म्हणून अगदी आखूड, डबक्यासारखी होडीही उपयोगाची नाही.

लांबीमुळे वळणे अवघड होते

आता एक प्रयोग करा. दोन मीटरची काठी मध्यावर धरून मनगटाने झटपट डावी-उजवीकडे फिरवा. मग तशाच जाडीची एक मीटरची काठी फिरवा. फरक हाताला लगेच कळेल. वस्तू फिरवताना तिचे वजन किती यापेक्षा ते मध्यापासून किती दूर आहे याला जास्त महत्त्व असते. याला जडत्व आघूर्ण म्हणतात. सारख्या जाडीच्या काठीची लांबी दुप्पट केली तर जडत्व आघूर्ण आठपट होते. ४.८ मीटरची कनू ३.२ मीटरच्या कनूपेक्षा दीडपट लांब आहे. म्हणजे नुसत्या होडीचा विचार केला, तर तिचे आघूर्ण सुमारे ३.४ पट झाले. शिवाय टोके फिरताना बाजूचे पाणी ढकलावे लागते, तो विरोध वेगळाच.

द्रुतवाहात, म्हणजे नदी जेथे खडकांवरून उतारावर धावते तेथे, समोर खडक दिसल्यापासून वळायला दोन-तीन सेकंदच मिळतात. म्हणून खळाळत्या पाण्याच्या कनूचा तळ सरळ नसतो. डुलणाऱ्या लाकडी घोड्याच्या पायासारखा तो दोन्ही टोकांना वर उचललेला असतो. टोके पाण्याबाहेर राहिल्याने होडी मध्यावर भिंगरीसारखी फिरते. कनू सपाट जमिनीवर ठेवून टोकांखालची उंची मोजली की ही कमान कळते. त्या जुन्या कनूचा तळ टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ सरळ होता. ती तलावासाठी बनवलेली होती.

सपाट तळाचा भुलावा

दुकानात उभे राहिलात तर सपाट तळाची होडी स्थिर वाटते आणि गोल तळाची डगमगते. संथ पाण्यात ते खरेच आहे. पण सपाट तळ नेहमी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहू पाहतो. बाजूने लाट आली, पाणी कलले की होडीही कलते आणि तुम्हाला बाहेर टाकते. गोलसर तळाची होडी खालून लाट गेली तरी बरीचशी सरळ राहते. गुडघ्यांवर बसण्याचे कारणही हेच : गुरुत्वमध्य खाली येतो, आणि गुडघे तळाला घट्ट टेकल्यामुळे कमरेने होडी हवी तशी कलवता येते.

पाणी आत आले तर?

तुमचे वजन ५५ किलो, कनूचे २० आणि सामानाचे ५ धरू. एकूण ८० किलो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगण्यासाठी ८० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. पण फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे असतात. समजा, त्यातला ४० टक्के भाग हवा आहे. मग त्याची घनता ०.६ झाली आणि तुम्हाला सुमारे १३३ लिटर फेस बाजूला सारावा लागेल. होडी एकदम खोल बसते. म्हणून होडीचे आकारमान वल्हवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडावे लागते. मित्राला योग्य असलेली कनू तुम्हाला योग्य असेलच असे नाही.

उघड्या कनूत लाट शिरली की आणखी एक संकट येते. आत ३०० लिटर पाणी मावत असेल तर होडीचे वजन ३०० किलोने वाढले! ती आता वळत नाही की थांबत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही टोकांना घट्ट बांधलेल्या हवेच्या पिशव्या. त्यांनी २०० लिटर जागा व्यापली तर पाणी फार तर १०० लिटर शिरेल. पिशव्या नसलेली कनू खळाळत्या पाण्यासाठी घेऊ नये.

अशी भरलेली होडी खडकावर आडवी अडकली तर काय होते तेही पाहा. ४.८ मीटर लांबी आणि ३० सेंटिमीटर उंची धरली तर क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर झाले. सेकंदाला २ मीटर वेगाचे पाणी त्यावर ढोबळ हिशेबाने २,८०० न्यूटनपेक्षा जास्त बल लावते. जवळजवळ २९० किलो वजनाचा हा दाब होडी मोडून टाकतो. म्हणून उलटलेली होडी आणि खडक यांच्यामध्ये कधीही राहू नये. या कामासाठी रॉयलेक्स नावाचा चिवट थरांचा पत्रा फार नावाजलेला होता. त्याचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता बहुतेक कनू पॉलिएथिलीनच्या असतात. त्या काहीशा जड असतात, पण आपटल्यावर वाकतात आणि पुन्हा पूर्वस्थितीला येतात. जुने फायबरग्लास मात्र तडकते.

आपले खळाळते पाणी

कुंडलिकेचे पाणी उन्हाळ्यातही कसे धावते हे ठाऊक आहे का? मुळा नदी मुळशीला अडवलेली आहे. तेथले पाणी बोगद्यांतून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, घाटाच्या पायथ्याशी भिरा येथे उतरते. तेथील वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. वीज निर्माण करून बाहेर पडलेले पाणी कुंडलिकेत जाते आणि कोलाडजवळचे द्रुतवाह जिवंत ठेवते. म्हणजे जी मुळा दापोडीला आपल्या पवनेला भेटून बंगालच्या उपसागराकडे निघते, तिचेच काही पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते! द्रुतवाहांना अवघडपणाप्रमाणे १ ते ६ श्रेणी देतात. कुंडलिकेचे बहुतेक २ आणि ३ श्रेणीतले आहेत. नर्मदेकाठी महेश्वरला सहस्रधारा येथे तर २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धांतील स्लालमच्या शर्यती झाल्या.

अशा पाण्यात शिकणाऱ्या ५५ किलोच्या मुलाला साधारण ३ ते ३.३ मीटर लांबीची, मध्यम कमानीची, गोलसर तळाची, हवेच्या पिशव्या बांधलेली कनू योग्य. पण जीवरक्षक जाकीट, शिरस्त्राण आणि जाणता शिक्षक यांच्याशिवाय तीही नको. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहू नका, कारण खडकांच्या फटीत पाय अडकतो. आणि पवनेवरच्या बंधाऱ्यांखाली तर कधीच होडी नेऊ नका. बंधाऱ्यावरून एकसारखे पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि पृष्ठभागावर उलटे बंधाऱ्याकडेच वाहते. त्या चक्रात सापडलेला पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. ते पाणी वरून शांत दिसते, हाच त्याचा धोका.

त्या दोघांनी टेप घेऊन ती जुनी कनू मोजली, वरची सगळी गणिते वहीत केली आणि ती घेतली नाही. आधी भाड्याच्या कनूत शिकायचे असे ठरले. जाताना एकाने विचारले, "सर, मग ती होडी वाईटच का?" मी म्हटले, "नाही रे, तलावात ती उत्तम चालेल."

आता तुमच्यासाठी एक गणित. तुमचे वजन, २० किलोची कनू आणि ५ किलो सामान धरा. पाण्यात ३० टक्के हवा असेल, तर तुम्हाला किती लिटर फेस बाजूला सारावा लागेल?