छताची ओल आणि काँक्रीटमधील गंज : रंगकामापूर्वी काय तपासावे?

पावसाळा सरून दसरा-दिवाळीचे वेध लागले की देशभरात घरोघरी रंगकाम हाती घेतले जाते. ओलीचा डाग खरवडायचा, पुट्टी भरायची आणि रंगाचे दोन हात द्यायचे, एवढे केले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आढळतो. मात्र हा डाग स्लॅब, तुळई किंवा खांबावर असेल, तर आतील लोखंडी सळयांना गंज चढू लागल्याची ती पहिली सूचना असू शकते. रंगामुळे ही सूचना केवळ पुढील पावसाळ्यापर्यंत झाकली जाते.

चांगल्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच मूल्य, साधारणतः १२ ते १३ असतो. या तीव्र अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच तिचे रक्षण करतो. हा थर दोन कारणांनी नष्ट होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपून सामू ९ च्या आसपास आणतो, हे पहिले कारण. दुसरे कारण क्षारांचे. खारी हवा, न धुतलेली खाडीची वाळू किंवा बांधकामात वापरलेले खारे पाणी यांतून आलेले क्लोराइड सामू चांगला असतानाही सळई पोखरू शकते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. हा फुगवटा ताण सोसण्यात दुबळ्या असलेल्या काँक्रीटला आतून फोडतो, सळईच्या रेषेत तडे जातात आणि अखेर पापुद्रे निखळतात. तड्यांतून आणखी पाणी व हवा आत गेल्याने गंजण्याचा वेग वाढतो.

सळईवरील काँक्रीटचे आवरण यामुळेच महत्त्वाचे ठरते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवामानासाठी किमान २० मिलिमीटर, तर समुद्रकिनाऱ्यावरील उघड्या बांधकामासाठी ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथील रहिवाशांना हा फरक अनुभवाने ठाऊक असतो. परंतु समुद्रापासून दूर असलेली घरे सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष काढता येत नाही. हरयाणातील गुरुग्राम येथे १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका बहुमजली निवासी इमारतीचा काही भाग कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत तेथील काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले आणि सळया गंजण्याचे ते प्रमुख कारण मानले गेले.

दुरुस्तीपूर्वी पाणी कोठून येते हे शोधणे आवश्यक आहे. या बाबतीत मराठी भाषा उपयोगी पडते. गळती, पाझर, ओल आणि दमटपणा हे शब्द आपण सहसा सरसकट वापरतो, पण त्यांची कारणे वेगळी असतात आणि उपायही. डाग पावसातच वाढत असेल तर गच्ची, कठड्याचा सांधा किंवा बाहेरची भिंत तपासावी. तो बाराही महिने ओला राहत असेल तर वरच्या मजल्यावरील न्हाणीघर वा नळजोडणीकडे लक्ष द्यावे. रात्री सर्व नळ बंद ठेवूनही सकाळी जलमापकाचा आकडा पुढे गेलेला दिसल्यास, आणि मधल्या वेळेत टाकी भरली गेली नसल्यास, नळवाहिनी गळत असण्याची शक्यता असते. न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर थोडे पाणी २४ तास साठवल्यास लादीखालची गळती कळते. मात्र खालच्या स्लॅबला तडे असतील तर हा प्रयोग अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय करू नये. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब बाहेरच्या बाजूस जमले तर दोष हवेतील दमटपणाचा, आतील बाजूस जमले तर पाणी भिंतीत आहे.

यानंतर छत हलक्या हातोडीने ठोकून पाहावे. भक्कम काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा पोकळ. अशा भागाखाली पलंग वा पाळणा ठेवू नये.

प्रत्यक्ष दुरुस्तीत सर्वाधिक घाई सळई साफ करताना होते. सुटलेले काँक्रीट काढून सळई मागील बाजूनेही मोकळी करावी लागते. गंज तारेच्या ब्रशने वा यंत्राने पूर्ण घासून काढावा, सळईची जाडी मोजावी आणि ती बरीच घटली असेल तर अभियंत्याच्या सूचनेनुसार नवी सळई जोडावी. त्यानंतर गंजरोधक लेप, जुन्या व नव्या थरांना सांधणारा लेप आणि पॉलिमरमिश्रित मॉर्टर, हा क्रम पाळावा लागतो. गंजक्या सळईवर थेट गिलावा केल्यास तो काही पावसाळ्यांतच पुन्हा निखळतो, आणि घरमालक मात्र सिमेंटला दोष देतात. तुळई वा खांबाचे काम टेकू लावल्याशिवाय सुरू करू नये; केवळ गवंड्याच्या अंदाजावर तर नाहीच.

खर्च कोणी करावा, हा शेजाऱ्यांमधील नेहमीचा वाद आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या व सामाईक वाहिन्यांच्या गळतीची दुरुस्ती संस्थेकडे, तर सदनिकेतील शौचालय, मोरी आदींमुळे होणारी गळती संबंधित सभासदाकडे येते. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा करण्याची तरतूदही त्यांत आहे. अन्य राज्यांतील वाचकांनी आपल्या संस्थेचे उपविधी पाहावेत.

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात सळई साफ करणे आणि लेप देणे ही कामे स्वतंत्रपणे नमूद आहेत का, हे सही करण्यापूर्वी वाचावे, आणि सळया उघड्या असतानाच त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत.