खाड्याच्या दिवशी ताट कमी करू नका

जांब समर्थच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माय-बहिणींनो, खाडा पडला म्हणून चहावर दिवस काढू नका. राबून थकलेले स्नायू विश्रांतीतच भरून निघतात. त्यासाठी प्रथिने लागतात. ५० किलो वजनाच्या व्यक्तीला ती रोज सुमारे ४२ ग्रॅम हवीत. एका अंड्यातून साधारण ६, तर ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात.

भूक कमी असेल तर भाकरी एखादी कमी खा. पण वरण, मटकीची उसळ, अंडे सोडू नका. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाऊ नका. सर्वांसोबत बसून पोटभर जेवा.